शिशाच्या आधीचे इंजिन

१९०८ ते १९२७ या काळात निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर कशी चालेल, अशी शंका पुष्कळांना येते. आम्ही म्हणतो, ती शिशावाचूनच जन्मली! तिच्या सिलिंडरात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण सुमारे चारास एक. त्यामुळे हलके पेट्रोलही तिला चाले. पुढे कारखानदारांना दाब वाढवून अधिक जोर हवा झाला आणि इंजिने ठोके देऊ लागली. त्यावर १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाच्या संयुगाचा उतारा काढला.

त्याची किंमत कोणी मोजली? ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते संयुग बनविणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी धोका बजावून सांगितला. तरी विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिसे गेले २००० साली, जगातून २०२१ साली.

आता पेट्रोलात मद्यार्क मिसळतात. जुन्या कार्बोरेटरातील बुचाच्या तरंगत्यावरचे लाखेचे रोगण त्यात विरघळते. म्हणून ते बदलावे. मद्यार्कात प्राणवायू असल्याने मिश्रण विरळ पडते. म्हणून सुई किंचित उघडावी. एवढ्याने इंजिन सुधारते. परंतु नवे द्रव्य आले की ते इंजिनास मानवते का, यापूर्वी ते हाताळणाऱ्यास मानवते का, हे विचारावयास आपण केव्हा शिकणार?