गेलेली पत

आपल्याकडे क्रिकेटची एकदा पत गेली होती, हे आज वर्गातल्या मुलांना सांगितले तर ती माझ्याकडे पाहतच राहतात. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी जाहीर केले की, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे एका सट्टेवाल्याशी झालेले टेलिफोनवरचे बोलणे आपल्या हाती लागले आहे. क्रोनिए म्हणजे सज्जनपणाचा पुतळा! आधी त्याने कानांवर हात ठेवले; चारच दिवसांत पैसे घेतल्याचे कबूल केले. मग तो धागा आपल्याच घरापर्यंत आला. डिसेंबरात नियामक मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर तहहयात, तर अजय जडेजा व मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. (जडेजावरील बंदी न्यायालयाने २००३ साली रद्द केली आणि अझरुद्दीनवरील २०१२ साली बेकायदा ठरवली, हेही सांगितलेच पाहिजे.)

शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण विश्वास काही हुकमाने परत येत नाही. १९९७ साली माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी चौकशी केली होती, तीत काही निघाले नव्हते. तेव्हा चौकशीवरही लोकांचा भरवसा उरला नव्हता. मी त्या वेळी विशीत होतो. आपला फलंदाज धावबाद झाला की आमचे काका नुसते हसत. "ठरलेलं असतं रे सगळं!" त्या हसण्याची मला विलक्षण चीड येई. हातातला झेल घामाने निसटला की पैशाने, असा प्रश्न पडावा, यापरते दुर्दैव कोणते? हरल्याचे दुःखसुद्धा निर्भेळ राहिले नव्हते.

नवा कर्णधार सौरव गांगुली, न्यूझीलंडहून आलेला प्रशिक्षक जॉन राइट, काही कोरी पोरे, असा संसार नव्याने मांडला गेला. आणि फेब्रुवारी २००१ मध्ये ओळीने सामने जिंकत सुटलेला ऑस्ट्रेलियाचा संघ आला. मुंबईत आपण सपाटून हरलो. कलकत्त्याला त्यांच्या ४४५ धावांना आपले उत्तर १७१. लगेच पुन्हा खेळण्याची पाळी. ईडन गार्डन्स हे अझरुद्दीनचे लाडके मैदान, कसोटीतली त्याची पाच शतके तिथलीच. आता त्याच मैदानावर १४ मार्चला लक्ष्मण आणि द्रविड सकाळी जे उभे राहिले, ते संध्याकाळी नाबादच परतले. दिवसभरात एकही गडी पडला नाही! दोघांची भागी ३७६ धावांची. लक्ष्मणच्या २८१, द्रविडच्या १८०. दुसऱ्या दिवशी हरभजनने ऑस्ट्रेलियाची फळी कापून काढली आणि १७१ धावांनी आपण जिंकलो.

माझ्या मते पत परत आली ती त्या चौथ्या दिवशी. एखादा चेंडू विकता येतो, एखादी विकेटही. पण पराभव समोर दिसत असताना सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात दाखवलेली ती चिकाटी कोणत्या सट्टेवाल्याने विकत घ्यावी, आणि कशासाठी?

काका त्या दिवशी चहालाही उठले नाहीत. पुढे चेन्नईची कसोटी दोन गडी राखून कशीबशी जिंकली, तोवर आपल्याकडून झेल सुटला की ते "अरेरे!" म्हणू लागले होते.