कोनाड्यातल्या दोन बाटल्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७९ सालच्या श्रावणातली गोष्ट. केज तालुक्यातल्या आमच्या घरात चुलीशेजारच्या भिंतीला एक कोनाडा होता. हळकुंडं, ओव्याची पुरचुंडी, कापराची डबी आणि दोन बाटल्या एवढा आमचा दवाखाना त्यात मावायचा. एका बाटलीत एरंडेल, दुसरीत निलगिरीचं तेल. दोन्ही बाटल्या औषधाच्या, जुन्या, आणि दोन्हींची बुचं सारखीच मळकी.

धाकट्या बहिणीला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. दोन दिवस तिचं पोट साफ झालं नव्हतं, म्हणून आजीनं एरंडेल द्यायचं ठरवलं. वीज गेलेली, चिमणीचा उजेड. आजीला स्वतःला पडसं झालेलं, त्यामुळे नाकाला वास नव्हता. चमचा तोंडात गेला आणि पोरगी अशी ठसकली की आम्ही सगळे धावलो. खोलीभर निलगिरीचा दर्प सुटला. आजीनं घाईघाईनं मिठाचं पाणी पाजून तिला ओकायला लावलं. थोड्याच वेळात बहिणीची मान पडायला लागली. हाक मारली तरी डोळे उघडेनात.

गावात एकाची जीप होती. तिच्यातून आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय पाजलं?"

वडील म्हणाले, "तेल."

"कसलं तेल?"

या प्रश्नानं वडील गडबडले. बाटली बरोबर आणलेली नव्हती. पोरीच्या श्वासाचा वास घेऊन डॉक्टरांनीच काय ते ओळखलं. बहीण वाचली, पण नंतर आठवडाभर ती खोकत आणि तापत होती. उलटी करवताना तेलाचा अंश फुप्फुसात गेला होता. पहिली चूक बाटलीची आणि दुसरी मिठाच्या पाण्याची, असं डॉक्टरांनी आजीला समजावून सांगितलं. रागावले मात्र नाहीत.

"कसलं तेल?" हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. पुढे इतिहासाची पुस्तकं चाळताना कळलं, की या एका प्रश्नापाशी जगभरात पुष्कळ माणसं चुकली आहेत.

आपल्या भाषेत तेल हा शब्द तिळावरून आला. तीळ, करडई, शेंगदाणा, एरंडी घाण्यात घालून पिळली की जे निघतं ते तेल. ते चिकट असतं, कागदावर पडलं तर डाग राहतो, आणि खाण्याची तेलं पोटात गेल्यानं काही बिघडत नाही. दुसरा प्रकार पानाफुलांतून वाफेनं उडवून काढलेल्या सुवासिक अर्काचा. तो हवेत उडून जातो आणि चटकन पेट घेतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं या दोन अगदी वेगळ्या वस्तू. इंग्रजांनी दोन्हींना 'ऑइल' म्हटलं, आपण दोन्हींना 'तेल' म्हटलं, आणि दोन्ही बाटल्या एकाच कोनाड्यात शेजारी शेजारी बसल्या.

असं अर्काचं तेल काढण्याचा धंदा आपल्यापासून फार लांब नव्हता. शेजारच्या खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला, रोशा नावाचं सुवासिक गवत माळावर आणि डोंगरउतारावर वाढतं. एकोणिसाव्या शतकात पावसाळा सरताना, हे गवत फुलोऱ्यावर आलं की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत आणि पाणी घालायचं, वर झाकण पक्कं बसवायचं आणि वाफ नळीतून ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. पाण्यावर तेलाचा तवंग येई. शंभर किलो गवत शिजवलं तर तेल निघायचं अर्ध्या किलोच्या आसपास.

हे तेल मुंबईला जाई. तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून तुर्कस्तानात पोचे आणि तिकडे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपातले व्यापारी त्याला 'टर्किश जिरॅनियम ऑइल' म्हणत. ते मुळात खानदेशातल्या गवताचं आहे, याची गिऱ्हाइकाला कल्पनाही नसे. या गवताचं शास्त्रीय नाव जनरल क्लॉड मार्टिन याच्यावरून पडलं. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटातून त्यानं या गवताचं बी लखनौला नेलं होतं. नाव ऐकून आपले कान टवकारतात, पण तो बालाघाट कर्नाटकाकडचा, आपल्या बीडचा डोंगर नव्हे.

हा हिशेब मी मुद्दाम सांगितला. अर्धा किलो तेलात शंभर किलो गवताचा अर्क असेल, तर चमचाभर तेलात किती? "झाडपाल्याचंच आहे, काय होणार?" असं आपण म्हणतो, तेव्हा बाटलीत झाडाचा केवढा भारा कोंबलेला आहे हे विसरतो.

जुन्या लोकांना ही मात्रा ठाऊक होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे अत्तराची रीत आपल्याकडे चांगली रुजली. बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात अत्तरवाले कुप्या मांडून बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. गिऱ्हाइकाच्या मनगटाला काडीचं टोक लावायचं, कानात कापसाचा इवलासा फाया ठेवायचा. ओंजळभर अत्तर कुणी अंगाला चोळलं नाही. वस्तू महाग होती, म्हणून आपोआप बेतानं वापरली जायची.

कापराचंही तसंच. मार्को पोलोनं लिहून ठेवलंय, की सुमात्रा बेटावरचा कापूर सोन्याच्या भावानं विकला जाई. पुढे कापराच्या झाडांचा मोठा साठा फॉर्मोसा, म्हणजे आजचं तैवान, इथे होता. १८९९ मध्ये जपाननं तिथल्या कापराचा व्यापार सरकारी मक्तेदारीत घेतला, कारण सेल्युलॉइड बनवायला कापूर लागे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्पेंटाइनपासून कारखान्यात कापूर तयार होऊ लागला आणि भाव उतरला. आता वाण्याकडे वड्यांचं पाकीट सहज मिळतं. आरतीच्या तबकात, देवघरात, कपाटात, जिथे लहान मुलाचा हात पोचतो तिथे कापूर असतो. दिसतो तो खडीसाखरेसारखा, आणि त्याचा धोका नेमका तिथेच आहे. अवघ्या एका ग्रॅमनं लहान मूल दगावल्याची वैद्यकीय नोंद आहे. कापूर पोटात गेला की काही मिनिटांतच झटके येऊ शकतात.

निलगिरीच्या झाडाचा प्रवास याहून अलीकडचा. झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. १८५२ मध्ये जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्यानं व्हिक्टोरिया प्रांतात त्याच्या पानांचं तेल व्यापारासाठी काढायला सुरुवात केली. त्याआधी १८४३ मध्येच ही झाडं उटीच्या परिसरात सरपणासाठी लावली गेली होती. पुढे त्या निलगिरी डोंगरांवर तेल निघू लागलं आणि आपण डोंगराचंच नाव झाडाला आणि तेलाला देऊन टाकलं. ज्या देशातून झाड आलं, तिथली हकीकत ऐका. मेलबर्नच्या मोठ्या बालरुग्णालयात १९८१ ते १९९२ या बारा वर्षांत १०९ मुलांना निलगिरीचं तेल पोटात गेल्यामुळे दाखल करावं लागलं. आमच्या कोनाड्यातली गोष्ट तिकडेही घडतच होती.

अमेरिकेतली गोष्ट तर हुबेहूब आमचीच. तिथे छातीला चोळण्यासाठी 'कॅम्फोरेटेड ऑइल' मिळे. सरकीच्या तेलात वीस टक्के कापूर. शेजारी 'कॅस्टर ऑइल', म्हणजे एरंडेल. नावं सारखी, बाटल्या सारख्या. आयांनी एरंडेल समजून कापराचं तेल पाजलं आणि मुलं दगावली. शेवटी १९८२ मध्ये तिथल्या सरकारनं कापराच्या त्या तेलाच्या विक्रीवर बंदी घातली. इतर मलमांत अकरा टक्क्यांहून जास्त कापूर चालणार नाही, असंही ठरलं. त्या आया शिकलेल्या होत्या, बाटलीवर चिठ्ठी होती, तरी चूक झाली. माझ्या आजीला तर अक्षरओळख नव्हती.

आपण घरी खोबरेलात कापूर विरघळवून बाळाच्या छातीला चोळतो, तेव्हा टक्के कोण मोजतं? म्हणून इतिहासाबरोबर चार व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. डॉक्टरमंडळी त्या नेहमी सांगत असतात.

निलगिरी, लवंग, पुदिना, कापूर यांचं अर्काचं तेल मनानं पोटात घेऊ नये. लवंगेच्या तेलाचा थेंब दाढेला लावणं वेगळं आणि चमचाभर गिळणं वेगळं. कुठलंही असं तेल नुसतं अंगाला लावू नये. दोन मोठे चमचे खोबरेलात दहा-बारा थेंब मोठ्या माणसाला पुरे होतात. दोन-तीन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ, छातीला किंवा उशीला कापूर-निलगिरी नको. गळ्यात कापराची पुरचुंडीही नको. डांबरगोळी तर बाळाच्या कपड्यांत मुळीच नको. फेफरं येणाऱ्या माणसानं कापूर-निलगिरीच्या वाफेपासूनही लांब राहावं. नुसत्या वासानं झटका आल्याच्या नोंदी बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत केल्या आहेत. सांधे चोळायच्या काही तेलांत विंटरग्रीन असतं. त्याचा शुद्ध अर्क चमचाभर पोटात गेला, तर वीसेक ॲस्पिरिनच्या गोळ्या एकदम गिळल्यासारखं होतं.

आणि चुकून पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका. झटके येत असतील तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. आमच्या वेळी हा क्रमांक नव्हता. आता तो आहे, पण बाटली न्यायचं आपल्यालाच आठवावं लागतं.

युरोपात रेने-मॉरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९३७ मध्ये 'अरोमाथेरपी' या नावाचं पुस्तक लिहिलं. तो शब्द आता शहरांतून तालुक्यापर्यंत आला आहे. छान रंगीत बाटल्या घरपोच मिळतात आणि त्यांवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं. सुगंधाला माझा विरोध नाही. पडशात रुमालावरचा निलगिरीचा थेंब मलाही बरा वाटतो. एवढंच, की नैसर्गिक हे मात्रेचं माप नव्हे.

बहीण दवाखान्यातून घरी आली, त्या दिवशी आजीनं कोनाडा रिकामा केला. निलगिरीच्या बाटलीच्या गळ्याला तिनं लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या, एक नाही, पाच, म्हणजे अंधारातही बोटांना लागाव्यात. मग ती बाटली माळ्यावर गेली. एरंडेल खाली राहिलं. आजी पुढे बरीच वर्षं जगली, पण त्या दिवसानंतर तिनं नुसतं "तेल दे" असं कधी म्हटलं नाही. "करडीचं दे", "एरंडाचं दे", असं नाव घेऊनच ती मागायची. बहीण आता स्वतः आजी झाली आहे. तिच्या घरातही बाटलीच्या गळ्याला लाल दोरा असतो.