मिटणाऱ्या दाराचे महत्त्व

नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी शेतीशी थोडाफार संबंध आलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. यांतील पालाश म्हणजे पोटॅशियम. मेंदूतील एका चेतापेशीने दुसरीला किती सांगावे, हे ठरविण्यातही या मूलद्रव्याचा वाटा असतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी कशी आली, तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

१९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले, की चेतातंतू रासायनिक द्रव्याच्या द्वारे आपला निरोप पोहोचवितो. अशा द्रव्यांना चेतापारेषक म्हणतात. मात्र तंतूतून विजेचा संदेश टोकाशी आला म्हणजे हे द्रव्य किती सुटावे, हे कशाने ठरते, हा प्रश्न उरलाच.

विजेच्या संदेशाचे कोडे अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर उलगडले. १९३९ साली प्लिमथ येथे आरंभिलेले हे काम महायुद्धाने खंडित झाले आणि १९५२ साली पूर्णत्वास गेले. सोडियमचे आयन आत शिरले की संदेश उसळतो. पोटॅशियमचे आयन बाहेर पडले की तो शमतो. सोडियमकडे आरंभाचा मान गेला आणि पोटॅशियमकडे दिवा मालविणाऱ्याचे काम आले.

या मालविण्याचे मोल पुढे कळले. हिटलरच्या जर्मनीतून १९३५ साली लंडनला आलेले बर्नार्ड कात्झ यांनी होसे देल कास्तियो यांच्यासह १९५४ साली दाखविले, की चेतापारेषक ठराविक मापाच्या पुड्यांनी सुटतो. त्यासाठी तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरावे लागते, हे कात्झ व रिकार्डो मिलेदी यांनी सिद्ध केले. १९६७ साली डॉज व राहामिमॉफ यांना बेडकाच्या स्नायूवर आढळले, की कॅल्शियम कमी असताना ते दुप्पट केले तर स्राव दुप्पट न होता सुमारे सोळापट होतो. साहजिकच, संदेश किंचित लांबला तरी कॅल्शियमची दारे अधिक वेळ उघडी राहून स्राव कितीतरी वाढतो. आणि संदेश वेळेवर संपविणे हे तर पोटॅशियमच्या मार्गांचे काम! कालव्याचा कारभार पाहिलेल्यांस हे सहज पटेल. शेतास पाणी किती मिळाले, हे दार केव्हा उघडले यावर जितके, तितकेच ते केव्हा मिटले यावरही अवलंबून असते.

याचा जिवंत पुरावा फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांनी दिला. ईथरची गुंगी दिली असता पाय थरथरविणाऱ्या एका वाणास 'शेकर' हे नाव पडले होते. १९७७ साली युह नुंग जान, लिली जान व डेनिस यांना या वाणाच्या अळीत चेतापारेषक नको तितका वेळ सुटत असल्याचे दिसले. दोष पोटॅशियमच्या मार्गात असावा, हा त्यांचा तर्क खरा ठरला. १९८७ साली तो जनुक हाती आला आणि पोटॅशियम-मार्ग घडविणाऱ्या प्रथिनाची ओळख पटली.

स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हीच यंत्रणा गायगर व जोनास यांनी २००० साली उंदरांत दाखविली. संदेशामागून संदेश आले की तेथील काही पोटॅशियम-मार्ग तात्पुरते निकामी होतात, प्रत्येक संदेश थोडा रुंदावतो आणि कॅल्शियम अधिक शिरते. वारंवार हाक मारणाऱ्याचा आवाज असा आपोआप मोठा होतो.

या ज्ञानाचा उपयोग आजाऱ्यांस झाला. ४-अमिनोपायरिडिन हे द्रव्य पोटॅशियमचे मार्ग रोखते. पक्षी हुसकावण्याचे विष म्हणून ते वापरले गेले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे चालणे सुधारावे म्हणून अमेरिकेत २०१० साली तेच औषध म्हणून मान्य झाले. लॅम्बर्ट-ईटन या विकारात शरीर स्वतःच्याच कॅल्शियम-दारांवर हल्ला करते आणि स्नायू दुबळे होतात. तेथे याच द्रव्याचा एक भाऊबंद संदेश लांबवून तुटपुंज्या दारांतूनही पुरेसे कॅल्शियम आत येऊ देतो. युरोपात त्यास २००९ साली, अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

मात्र प्रमाण सुटले की हीच औषधे आकडी आणतात. पाय सावरणे आणि पाय थरथरणे यांत अंतर आहे ते केवळ मात्रेचे.