ब्रिटिश स्पेशल मोटारी

स्पेशल म्हणजे हौशी व्यक्तीने किंवा छोट्या कार्यशाळेने, प्रामुख्याने जुन्या प्रवासी मोटारीचे भाग वापरून, स्वतःच्या कल्पनेनुसार बांधलेली मोटार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अशा अनेक शर्यतीच्या स्पोर्ट्‌स मोटारी तयार झाल्या. त्यांच्यावर कारखान्याची ओळखपट्टी नसे आणि मालक बदलला की नाव व रूपही बदले. त्यामुळे त्यांची ओळख पटवणे हा मोटार-इतिहासाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता आणि मोटार उद्योगाचा भर निर्यातीवर होता. नव्या मोटारीवर खरेदी कर लागत असे व पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालले. याच काळात लष्करी विमानतळांच्या जागी शर्यतीचे मार्ग उभे राहिले. सिल्व्हरस्टोन व गुडवुड येथे १९४८ मध्ये शर्यती सुरू झाल्या.

स्वस्त साहित्य जुन्या मोटारींतून मिळे. ऑस्टिन सेव्हन ही मोटार १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २,९०,००० इतक्या संख्येने तयार झाली होती. तिच्या चाहत्यांनी १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला. या क्लबने ऑस्टिनच्या ७४७ सीसी इंजिनावर आधारित ‘७५० फॉर्म्युला’ आणि १९५३ पासून फोर्डच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर आधारित ‘११७२ फॉर्म्युला’ या शर्यती चालवल्या. जॉन हेन्स यांनी १९५६ मध्ये, शाळेत असतानाच, ऑस्टिन सेव्हनपासून स्पेशल बांधण्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली.

चासी व यांत्रिक भाग

ओळख पटवताना बॉडीपेक्षा तिच्याखालील रचना अधिक भरवशाची ठरते. ऑस्टिन सेव्हनची चासी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची असते. तिच्या पुढील बाजूस एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असते, तर मागील बाजूस चासीच्या टोकांतून निघणाऱ्या दोन आखूड स्प्रिंगा असतात. युद्धपूर्व रचनेच्या छोट्या फोर्डमध्ये पुढे व मागे अशा दोन्ही बाजूंना आडव्या स्प्रिंगा असतात. त्यामुळे मागील बाजूच्या एका छायाचित्रावरूनही मूळ मोटारीचा अंदाज बांधता येतो. मात्र नळ्यांची स्वतंत्र चासी बनवून तिला केवळ ॲक्सल व इंजिन जुने बसवलेले असल्यास हा निकष पुरेसा ठरत नाही.

इंजिनावरून मोटारीचा जन्मकाळ ठरवणे धोक्याचे असते. उदाहरणार्थ, १०९८ सीसीचे कॉव्हेंट्री क्लायमॅक्स एफडब्ल्यूए इंजिन १९५४ पासून वापरात आले. ते बसवलेली स्थिती १९५४ पूर्वीची असू शकत नाही, पण मोटार त्याहून जुनी असू शकते.

बॉडी

आरंभीच्या स्पेशलांवर बहुधा हाताने घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी असे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ॲशली, फाल्कन, रॉचडेल, मायक्रोप्लास आदी कंपन्यांच्या फायबरग्लासच्या तयार बॉडी मिळू लागल्या. एकच बॉडी अनेक वेगवेगळ्या चासींवर बसवली गेल्याने सारख्या दिसणाऱ्या मोटारी मुळात भिन्न असतात. उलट, बॉडी बदलल्यावर एकच मोटार दोन भासते. अनुकरणामुळेही फसगत होते. जॉन टोजेरो यांच्या एका मोटारीचे रूप फेरारी १६६ बार्केटाशी मिळतेजुळते होते. तिच्यातूनच १९५३ ची एसी एस ही मोटार विकसित झाली.

नोंदणी क्रमांक व छायाचित्रे

ब्रिटिश नोंदणी क्रमांकातील अक्षरांवरून मोटार कोणत्या स्थानिक प्रशासनाकडे नोंदली गेली ते कळते. ती कोठे बांधली गेली हे कळत नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लंडनमध्ये बांधलेल्या पहिल्या लोटसवर ‘ओएक्स ९२९२’ हा क्रमांक होता, आणि ‘ओएक्स’ ही अक्षरे बर्मिंगहॅमची आहेत. क्रमांक एका मोटारीवरून दुसरीवर हस्तांतरितही होऊ शकतो. नोंदी १९७० च्या दशकात स्वान्झी येथील संगणकीकृत केंद्राकडे गेल्या, तेव्हा स्थानिक कार्यालयांतील अनेक जुनी दफ्तरे नष्ट झाली.

दरवाजावरील शर्यतीचा आकडा प्रत्येक स्पर्धेत बदलतो. स्थळ व तारीख ठरवता आल्यासच तो छापील कार्यक्रमपत्रिकेशी ताडून चालकाचे नाव मिळते. ‘मोटर स्पोर्ट’ आणि १९५० मध्ये सुरू झालेले ‘ऑटोस्पोर्ट’ या नियतकालिकांतील वृत्तांत त्यासाठी उपयोगी पडतात. बॉनेटवरील हवेच्या फटींची संख्या व दुरुस्तीच्या खुणा यांची तुलना करून दोन छायाचित्रांतील मोटार एकच आहे का, हे तपासले जाते.

महत्त्व

या मोटारींतून पुढे नामांकित कंपन्या उदयास आल्या. एरिक ब्रॉडली यांनी ११७२ फॉर्म्युलासाठी १९५६ मध्ये बांधलेल्या ‘ब्रॉडली स्पेशल’नंतर १९५८ मध्ये पहिली लोला अवतरली. चॅपमन यांची १९४८ ची ऑस्टिन सेव्हनवर आधारित मोटार लोटस मार्क १ म्हणून ओळखली जाते. ती विकल्यानंतर तिचा माग हरवला.

ऐतिहासिक मोटारींच्या शर्यती व लिलावांमुळे सिद्ध पूर्वेतिहासाला आर्थिक मूल्य आले आहे. जुन्या चासीच्या एका तुकड्याभोवती नवी मोटार उभारून तिला मूळ म्हटले जाणे किंवा दोन मोटारींनी एकाच इतिहासावर दावा सांगणे, असे वाद त्यातून निर्माण होतात. म्हणूनच चासी, कागदपत्रे व तत्कालीन छायाचित्रे हे पुरावे परस्परांशी जुळल्यावरच ओळख निश्चित मानली जाते. सुट्या पुराव्यावरून केवळ शक्यता सांगता येते.