लोकर विंचरणाऱ्याच्या घरातलं तारांगण

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड प्रांतात फ्रानेकर नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या कालव्याकाठच्या एका घरात, बसायच्या खोलीच्या निळ्या लाकडी छतावर सूर्याभोवती सहा ग्रह फिरतात, तेही आपापल्या खऱ्या गतीने. बुधाची फेरी ८८ दिवसांत पुरी होते, शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. अजून चालू असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं यांत्रिक तारांगण. त्याचं मूळ एका घबराटीत आहे.

१७७४च्या वसंतात फ्रीसलँडमधल्या एका पाद्र्याने स्वतःचं नाव न घालता एक पुस्तिका काढली. ८ मे रोजी चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू मेष राशीत एकत्र येणार होते. ही युती विनाशाची नांदी ठरू शकते, असा पुस्तिकेचा सूर होता. पृथ्वी कक्षेतून निसटून सूर्यात जाऊन पडणार, अशी बोलवा झाली. अखेर ८ मेचा दिवस नेहमीसारखा उगवला आणि मावळला.

फ्रानेकरच्या त्या घरात राहणारा आइसे आइसिंगा तेव्हा तीस वर्षांचा होता. लोकर विंचरून कताईला तयार करून देणं हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. पण गणित आणि खगोलशास्त्र तो स्वतःच शिकला होता आणि किशोरवयातच त्याने गणिताचं जाडजूड हस्तलिखित तयार केलं होतं. ग्रह प्रत्यक्षात कुठे असतात हे शेजारीपाजारी डोळ्यांनी पाहतील, तर अशा पुस्तिकांना घाबरणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. त्याच वर्षी तो कामाला लागला.

माप त्याने सुटसुटीत ठरवलं: एका मिलिमीटरला दहा लाख किलोमीटर. ८ मेची युती या मापात बसवून पाहिली की भीतीतली हवाच निघून जाते. चंद्र पृथ्वीपासून अर्धा मिलिमीटरही दूर नाही. गुरू मात्र त्या दिवशी सूर्याच्याही पलीकडच्या बाजूला होता, म्हणजे पृथ्वीपासून ऐंशी सेंटिमीटरहून लांब. जमिनीवरून दोघं शेजारी दिसत होते, कारण ते एकाच दिशेला होते. शिवाय सगळ्या ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. त्यामुळे ते आकाशात कधीही पाहिले तरी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या आसपासच, एका ओळीत मांडल्यासारखे दिसतात. ओळ कायमचीच असते. कधी विस्कटलेली, कधी दाट.

यंत्र छताच्या वर दडवलेलं आहे. लाकडी चकत्या आणि कडी, त्यांना दाते म्हणून ठोकलेले सुमारे दहा हजार हातघडणीचे खिळे, ओढीसाठी वजनं आणि या साऱ्याला चाल देणारं एकच लंबकाचं घड्याळ. आइसिंगाला लांब लंबक हवा होता. पण तो झोपायच्या कपाटवजा पलंगात उतरला असता. बायकोने, पीट्येने, साफ नकार दिला, असं सांगतात. लंबक आखूड झाला आणि दात्यांचा हिशेब बदलावा लागला.

काम १७८१ साली पुरं झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये विल्यम हर्शेलला युरेनस दिसला. आइसिंगाच्या मापाने त्याची कक्षा साडेपाच मीटरहून रुंद झाली असती. खोली तेवढी नव्हती. त्यामुळे छतावरचं आकाश आजही शनीपाशीच संपतं.

पुढे राजकीय उलथापालथीत आइसिंगाला १७८७ साली फ्रानेकर सोडून पळावं लागलं. तो परागंदा असतानाच पीट्ये वारली. १७९६मध्ये तो परतला. राजा पहिला विलेम १८१८ साली तारांगण पाहून गेला आणि १८२५मध्ये सरकारने ते विकत घेतलं. २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. लीप वर्षातला जादा दिवस मात्र यंत्राला अजूनही ठाऊक नाही. २९ फेब्रुवारीला ते हातानेच जुळवून घ्यावं लागतं.

घबराट मात्र ८ मेबरोबर संपली नाही, ती नव्या तारखा शोधत राहिली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना अष्टग्रही आठवत असेल. फेब्रुवारी १९६२च्या पहिल्या आठवड्यात सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू मकर राशीत आले, तेव्हा देशभर होमहवन झाले. त्या आठांतला केतू तर ग्रहच नव्हे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदते, त्यांतला तो एक. हल्ली ‘ग्रहांची परेड’ म्हणून निरोप फिरतात. त्यांत ग्रह किती अंशांत आले हे ठळक छापलेलं असतं. ते किती किलोमीटरवर आहेत, हे विचारायची सवय लागली की आइसिंगाची सात वर्षांची मेहनत आपल्यापर्यंत पोचली म्हणायची.