पोर्ट शिकागो : फळ्यावरचे टन

१३ जुलै १९४४, सकाळी ८.१५

सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येला, सुईसून उपसागराच्या काठी पोर्ट शिकागो हे लहानसं गाव. तिथून दीडेक मैलावर अमेरिकी नौदलाचा दारूगोळ्याचा तळ. ‘ई. ए. ब्रायन’ हे मालवाहू जहाज रिकामंच धक्क्याला लागलं. पॅसिफिकमधल्या लढाईसाठी ते भरून पाठवायचं होतं.

सकाळी १०.००

भरणी सुरू. रेल्वेचे डबे थेट धक्क्यावर येत. डब्यात बॉम्ब लाकडी पाचरी मारून घट्ट बसवलेले. पाचरी काढायच्या, बॉम्ब फळीवरून घरंगळवत खाली आणायचे, जाळ्यात भरायचे आणि विंचने उचलून जहाजाच्या पोटात सोडायचे. घरंगळत आलेला बॉम्ब दुसऱ्यावर आदळला की लोखंडाचा ठणका उठे. नव्याने आलेली पोरं दचकत. साहेब सांगत, घाबरू नका, डिटोनेटर बसवलेला नाही, फुटणार नाही.

हे सांगणारे साहेब सगळे गोरे आणि ओझी उचलणारे सगळे काळे. ही पोरं समुद्रावर लढायला म्हणून नौदलात भरती झाली होती. ग्रेट लेक्सच्या केंद्रात त्यांना खलाशाचं शिक्षण मिळालं आणि नेमणूक झाली हमालीवर. दारूगोळा कसा हाताळायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शिकवणार कोण? साहेबांनाच ते धड येत नव्हतं. गोदी कामगारांच्या युनियनने अनुभवी माणसं द्यायची तयारी दाखवली होती, पण नौदलाने ती नाकारली. तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याने इशारा दिला की इथे अपघात होणार. कोणी ऐकेना, तेव्हा त्याने आपली माणसं काढून घेतली.

तळाचे प्रमुख कॅप्टन मेरिल किनी यांनी मात्र एक गोष्ट मनापासून केली होती. त्यांनी फळा लावला होता. कोणत्या तुकडीने किती टन भरले, ते त्यावर रोज लिहिलं जाई. लक्ष्य होतं दर हॅचमागे ताशी दहा टन. कनिष्ठ अधिकारी आपापल्या तुकडीवर पैजा लावत आणि मग त्या जिंकण्यासाठी पोरांना पिटाळत. मला या सगळ्या हकिकतीत स्फोटापेक्षा हा फळा जास्त छळतो. टनांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या तळावर किती जाळी निसटली, किती विंच बिघडले, याचा फळा कोणी लावला नव्हता.

१४ ते १६ जुलै

पाळ्यांमागून पाळ्या. दिवसरात्र भरणी.

१७ जुलै, सोमवार

ब्रायनवरचा एक विंच बिघडला म्हणून प्लंबरला बोलावलं. काम चालू असताना एका खलाशाच्या हातून तोफेचा गोळा निसटला आणि धक्क्याच्या फळ्यांवर आपटला. फुटला नाही. प्लंबरने विंच चालतोय एवढी खात्री केली आणि तिथून पाय काढला. त्या धक्क्यावरून स्वतःच्या मर्जीने निघून जाण्याची मुभा असलेला तो मोजक्या माणसांपैकी एक होता.

संध्याकाळी ६.००

धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ लागलं. नवंकोरं जहाज, पहिलीच सफर. त्याची भरणी मध्यरात्री सुरू होणार, म्हणून सहाव्या तुकडीची शंभरेक पोरं दोर, बूम आणि विंच जुळवायला लागली.

रात्री १०.००

ब्रायनच्या पोटात सुमारे ४,६०० टन दारूगोळा. धक्क्यावर रेल्वेचे १६ डबे, त्यांत आणखी सुमारे ४३० टन. ब्रायनवर तिसऱ्या तुकडीचे ९८ जण. पहिल्या कप्प्यात आगलावे बॉम्ब चढत होते, साडेसहाशे पौंडी, आणि यांना फ्यूज बसवलेले होते. ‘डिटोनेटर नाही’ ही समजूत इथे लागू नव्हती. म्हणून ते एकेक करून, जपून उतरवले जात होते. साधारण मैलभर लांब बराकीत पाळी संपवून आलेले लोक झोपायच्या तयारीत. गावातल्या थिएटरात सिनेमा चालू.

रात्री १०.१८

लोखंड आदळल्याचा आवाज, लाकूड फाटल्याची करकर, पांढरा लख्ख उजेड. हा पहिला स्फोट. बराकीतली पोरं काय झालं ते पाहायला खिडक्यांकडे धावली.

पाचसात सेकंदांनी दुसरा स्फोट झाला तेव्हा ती काचांसमोर उभी होती. काचांचे तुकडे चेहऱ्यांत आणि डोळ्यांत घुसले. काहींना वाटलं, जपान्यांनी हल्ला केला, पुन्हा पर्ल हार्बर झालं.

धक्का नाहीसा झाला, त्यावरचं रेल्वेचं इंजिन नाहीसं झालं, ब्रायनचा ओळखू येईलसा तुकडा उरला नाही. क्विनॉल्ट व्हिक्टरी उचललं जाऊन फिरलं आणि तुटून पाण्यात पडलं. नऊ हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानातल्या वैमानिकाने पांढरेफटक तापलेले, घराएवढे लोखंडाचे तुकडे शेजारून वर जाताना पाहिले. थिएटरची भिंत आत वाकली. बर्कलीच्या भूकंपमापकावर ३.४ रिश्टरची नोंद झाली.

त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं होतं. त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. पण तिथे आधी आग दिसली आणि तिच्याशी झगडायला दोनेक तास मिळाले. पोर्ट शिकागोत दोन मिनिटंही मिळाली नाहीत.

१८ जुलै, सकाळ

धक्क्यावर आणि जहाजांवर असलेले सगळे, ३२० जण, मेले. त्यांतले २०२ काळे नौसैनिक. ओळख पटण्याजोगे मृतदेह ५१. जखमी ३९०. अवशेष गोळा करायचं काम वाचलेल्या काळ्या सैनिकांकडे आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांना महिनाभराची रजा मिळाली. यांनी मागितली, ती नाकारली.

चौकशी न्यायालय ३९ दिवस चाललं, सव्वाशे साक्षी झाल्या. स्फोटाचं नेमकं कारण ठरलं नाही, अधिकारी मोकळे सुटले. नुकसानभरपाईची गोष्ट निघाली तेव्हा प्रत्येक कुटुंबाला पाच हजार डॉलर द्यावेत असा नौदलाचा प्रस्ताव होता. मेलेले बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीचे काँग्रेस सदस्य जॉन रँकिन दोन हजारांवर अडून बसले. शेवटी तीन हजार ठरले.

९ ऑगस्ट

वाचलेल्यांना व्हॅलेहोला हलवलं होतं. तिथून संचलन करत निघाले. वाट फुटली तिथे डावीकडे वळायचा हुकूम आला, म्हणजे मेअर आयलंडच्या गोदीकडे, पुन्हा बॉम्ब भरायला. रांग जागच्या जागी थांबली. ३२८ पैकी २५८ जणांनी नकार दिला. इतर कोणताही हुकूम सांगा, मानतो, पण दारूगोळा नको. त्यांना एका बार्जवर कोंडलं.

११ ऑगस्ट

अॅडमिरल कार्लटन राइट यांनी बजावलं, युद्धकाळातल्या बंडाला मृत्युदंड आहे. २०८ जण परतले. त्यांनाही पुढे कोर्ट मार्शल चुकलं नाही. ५० जण हलले नाहीत. जोसेफ स्मॉल त्यांचा म्होरक्या ठरवला गेला. त्याचा लौकिक एवढाच की पोरं त्याचं ऐकत.

२४ ऑक्टोबर

बंडाच्या खटल्याचा निकाल. पन्नास माणसांचा निवाडा करायला न्यायासनावरच्या अधिकाऱ्यांना ८० मिनिटं लागली. माणशी शंभर सेकंदही नाहीत. सगळे दोषी, पंधरा वर्षं कैद. बहुतेकांची नंतर थोडी कमी झाली. थर्गुड मार्शल, म्हणजे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले पहिले काळे न्यायमूर्ती, सुनावणीला येऊन बसत होते. त्यांच्या मते हा खटला नौदलाच्या वर्णभेदावरच चालायला हवा होता. अपील फेटाळलं गेलं. पण बोंब झाली, वर्तमानपत्रांनी धरून ठेवलं. जानेवारी १९४६ मध्ये पन्नासांतले ४७ सुटले आणि पुढच्याच महिन्यात नौदलाने वर्णभेद कागदोपत्री संपवला.

शिक्षेचा डाग मात्र राहिला. १९९९ मध्ये फ्रेडी मीक्सला अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी दिली. स्मॉलने ती कधी मागितलीच नव्हती. माफी गुन्हेगाराला असते, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. दोन जणांच्या शिक्षा पूर्वीच रद्द झाल्या होत्या. उरलेल्या २५६ जणांना नौदलमंत्री कार्लोस डेल टोरो यांनी दोषमुक्त केलं ते १७ जुलै २०२४ रोजी.