छत्तीस घटकांचा दिवस

उमरखेडला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटकांचा असतो आणि सर्वांत लहान २७ घटकांचा. गाव साडेएकोणीस अक्षांशाच्या जरा वर आहे. तेवढे कळले की हे गणित वहीच्या अर्ध्या पानात सुटते. कालगणनेवरचा आपला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे लगधाचे वेदांगज्योतिष. ते मात्र दिवस १८ मुहूर्तांपर्यंत वाढवते आणि १२ पर्यंत उतरवते, म्हणजे ३६ आणि २४ घटका. आपल्याकडे पैनगंगेच्या काठी असा दिवस कधी उगवला नाही, उगवणारही नाही. या विसंगतीपायीच मी घटका मोजणाऱ्या घटिकापात्राच्या मागे लागलो.

पात्र सगळ्यांना ठाऊक आहे. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. २४ मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, ती भरून बुडते. अंतरपाट धरलेला असताना भटजींचा एक डोळा तिच्यावर असायचा. अहोरात्रात ती ६० वेळा बुडावी, असे सूर्यसिद्धांत सांगतो. तिच्या आधारे तास वाजवणारे घडियाली बाबराने पाहिले आणि लिहून ठेवले. लीलावतीच्या लग्नात मोती अडकून भोक बुजल्याची गोष्ट मात्र भास्कराचार्यांची नव्हे. ती त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या, फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे कूळ आहे, मोत्याचा पत्ता नाही.

आता मूळ भांडण. ३६ आणि २४ हे ३:२ चे प्रमाण सुमारे ३५ अक्षांशावर जुळते, म्हणजे काश्मीरच्याही किंचित उत्तरेला. मग ते आले कुठून? डेव्हिड पिंग्री या अभ्यासकाने १९७३ मध्ये उत्तर दिले: बाबिलोनहून. हेच प्रमाण तिथल्या मातीच्या पाट्यांवर आहे, आणि दिवस रोज सारखाच वाढतो हा हिशेबही तिथलाच. मांडणी वजनदार आहे, पण मला पटत नाही. बाबिलोन साडेबत्तीस अक्षांशावर आहे, तिथेही हे प्रमाण पुरते बसत नाही. पिंग्री यांच्या बाजूचे म्हणतील, तो ठोकळ आकडा होता. असेल. पण ठोकळ आकडा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतो.

युकिओ ओहाशी या जपानी अभ्यासकाची बाजू मला जवळची वाटते. दिवस सारख्या गतीने वाढत नाही. विषुवदिनाजवळ तो झपाट्याने वाढतो आणि अयनापाशी जवळजवळ थांबतो. कोणी विषुवदिनाजवळची रोजची वाढ मोजली आणि तीच अर्ध्या वर्षाच्या १८३ दिवसांना लावली, तर आकडा फुगणारच. ओहाशींच्या मते अशी मोजणी उत्तर भारतात, २७ ते २९ अक्षांशांवर झाली असावी. मी करून पाहिले तेव्हा साडेसव्वीसच्या आसपास आले, म्हणजे फार दूर नाही. उमरखेडच्या माणसाने हीच चूक केली असती, तर त्याचा मोठा दिवस ३४ घटकांच्या जरा वर गेला असता, ३६ पर्यंत नाही. तेव्हा लगधाचा हिशेब आपल्या भागातला नाही, एवढे ठामपणे म्हणता येते.

आणखी एक गोष्ट या वादात मागे पडते. वेदांगज्योतिषात दिवसाची रोजची वाढ एक प्रस्थ पाणी अशी मोजली आहे. प्रस्थ हे मापाचे नाव. तिथे वाटी बुडत नाही, पाणी मोजले जाते. बुडणारी वाटी आर्यभटाच्या काळापासून, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास, दिसू लागते आणि जुन्या यंत्राला हटवते. का हटवले? माझा तर्क असा की विद्या दक्षिणेकडे उतरू लागली तसे ते रोजच्या एका प्रस्थाचे कोष्टक खोटे पडू लागले. उज्जैनला चुकले, गोदावरीवर तर फारच. वाटीला अक्षांशाशी देणेघेणे नाही. ती काश्मीरला ६० वेळा बुडते आणि उमरखेडलाही ६० वेळाच. हा तर्कच आहे, लेखी पुरावा हाती नाही. पण दिवसाच्या लांबीचे कोष्टक गावागणिक बदलावे लागते, वाटी बदलावी लागत नाही, हे तर खरे.

पंचांगातले दिनमान आपल्या गावाला लावून जून आणि डिसेंबरमध्ये ताडून पाहावे. आणि कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचे पात्र असेल, तर तांब्याच्या भावाने मोडीत घालण्याआधी ते घड्याळ लावून एकदा बुडवून पाहा. किती मिनिटे लागली, ते लिहून ठेवा.